पुनर्विकास की मोठी दुरुस्ती? इमारतीच्या पुढील चाळीस वर्षांचा खर्च कसा मांडावा

मुलुंडवासी (धागाकर्ता)

आमची सहकारी गृहनिर्माण संस्था मुलुंड पूर्वेला आहे. इमारत 1984 सालची, तळमजला अधिक चार मजले, लिफ्ट नाही, सदनिका बत्तीस. अलीकडच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये तिची वर्गवारी सी-2बी आली. सी-1 आली असती तर इमारत पाडण्यावाचून गत्यंतर नव्हते. सी-2बी म्हणजे रहिवाशांना न हलवता मोठी रचनात्मक दुरुस्ती करता येते. त्यामुळे संस्थेपुढे खराखुरा पर्याय आहे आणि म्हणूनच वादही आहे.

पुनर्विकासाचे तीन देकार आले आहेत. त्यांच्या तुलनेचा जो तक्ता सर्वसाधारण सभेपुढे ठेवला गेला, त्यात जादा चटई क्षेत्र, कॉर्पस (विकासक सभासदाला देतो ती एकरकमी रक्कम), स्थलांतराच्या काळातील भाडे आणि बँक गॅरंटी एवढेच रकाने होते. नवी इमारत कशाने बांधली जाईल, ती किती वर्षे टिकेल आणि ती सांभाळण्यासाठी दरमहा किती रक्कम लागेल, यासाठी एकही रकाना नव्हता. दुरुस्तीच्या बाजूलाही ठेकेदाराच्या अंदाजपत्रकातील एकच आकडा होता. तीच दुरुस्ती पुन्हा कधी करावी लागेल याचा उल्लेख नव्हता. (टाइल्सच्या रंगावर मात्र पाऊण तास चर्चा झाली.)

पुनर्विकास चांगला की वाईट यावर येथे पूर्वी पुष्कळ लिहून झाले आहे, ती चर्चा मला नको आहे. माझा प्रश्न मोजणीचा आहे. इमारत बांधण्याचा, वापरण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि शेवटी पाडण्याचा खर्च एकत्र मांडून दोन पर्यायांची तुलना कशी करावी? त्यात पर्यावरणावरील भार कसा धरावा? जाणकारांनी कृपया विस्ताराने लिहावे.

कॉलमबीम

सी-2बी हा शेरा तुमच्या प्रश्नाला पुरेसा नाही. त्यामागील चाचण्यांचे निकाल पाहावे लागतील. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक पल्स या चाचण्यांवरून काँक्रीटची ताकद आणि एकसंधपणा यांचा अंदाज येतो. परंतु मुंबईत इमारतीचे उरलेले आयुष्य बहुतेक वेळा सळईच्या गंजावर ठरते. त्यासाठी हाफ-सेल पोटेन्शियल (सळई गंजत असण्याची शक्यता दाखवणारे विद्युत मापन), फिनॉल्फ्थॅलीन फवारून मोजलेली कार्बोनेशनची खोली आणि काँक्रीटमधील क्लोराइडचे प्रमाण हे तीन निकाल अहवालात आहेत का, ते पाहा. नसतील तर अभियंत्याकडून मागून घ्या, कारण पुढील सगळा हिशेब त्यांवर उभा राहतो.

थोडे कारण सांगतो. काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्यामुळे सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरत जातो तसा हा अल्कधर्म कमी होतो (हेच कार्बोनेशन), आणि खारी हवा किंवा खारी वाळू यांतून आलेले क्लोराइड तो थर थेट फोडतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते आणि आपल्याला छताचे पोपडे पडताना दिसतात. कार्बोनेशनची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे 40 वर्षांत ती 20 मिलिमीटर झाली असेल, तर 40 मिलिमीटर व्हायला एकूण 160 वर्षे लागतील. सळईवरील काँक्रीटचे आवरण, ज्याला आपण कव्हर म्हणतो, ते दुप्पट केले तर त्या एका कारणापुरते आयुष्य चौपट होते. बांधताना याला लागणारा जादा खर्च इतका किरकोळ असतो की अंदाजपत्रकात तो शोधावा लागेल. आयएस 456:2000 या मानकात किनारी हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटची गणना ‘तीव्र’ वर्गात केली आहे आणि त्यासाठी किमान एम-30 प्रत (एम-पुढचा आकडा जितका मोठा तितके काँक्रीट अधिक ताकदीचे), पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त 0.45 आणि 45 मिलिमीटर कव्हर सांगितले आहे. तुमची इमारत बांधली गेली तेव्हा सर्रास एम-15 वापरले जात असे.

तो काळही लक्षात घ्यावा. सिमेंटवरील नियंत्रण 1982 मध्ये अंशतः आणि 1989 मध्ये पूर्णपणे उठले. टंचाईच्या त्या वर्षांत सिमेंट कमी आणि पाणी जास्त असा प्रकार फार झाला, खाडीची वाळू न धुता वापरली गेली आणि थंड अवस्थेत पिळलेली टॉर सळई गंजाला लवकर बळी पडली. मरीन ड्राइव्हवरील 1930-40 च्या दशकांतील कित्येक इमारती आजही वापरात असताना 1980 च्या दशकातील इमारती झिजलेल्या दिसतात, याचे बरेचसे उत्तर येथे आहे. अर्थात त्या जुन्या इमारतींवरही दुरुस्तीचा खर्च सातत्याने होत आला आहे.

आता दुरुस्तीच्या आयुष्याबद्दल. तुमच्या काँक्रीटमध्ये क्लोराइड जास्त निघाले, तर नुसती ठिगळे लावून उपयोग होणार नाही. एका जागी गंजलेली सळई साफ करून पॉलिमर मॉर्टर भरले की त्या ठिगळाच्या कडेला, जुन्या काँक्रीटमध्ये, गंज अधिक वेगाने सुरू होतो. ज्या संस्थांत दर चार-पाच वर्षांनी त्याच खोलीत पण थोड्या बाजूला पोपडे पडतात, तेथे हेच घडत असते. अशा ठिकाणी जस्ताचे ॲनोड (सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) बसवणे किंवा दूषित काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढून टाकणे हे खर्चिक उपाय करावे लागतात. उलट क्लोराइड कमी असेल आणि नुकसान मुख्यतः गळतीमुळे झाले असेल, तर नीट केलेली दुरुस्ती पंधरा-वीस वर्षे टिकू शकते असे माझे मत आहे. या दोन शक्यतांचे हिशेब पूर्णपणे वेगळे येतील.

ताळेबंद

मोजणीच्या पद्धतीबद्दल मी लिहितो. यासाठी भारतीय मानक आहे, आयएस 13174. त्याचे दोन भाग 1991 आणि 1994 मध्ये आले. दुर्दैवाने गृहनिर्माण संस्थांच्या कागदपत्रांत ते मला कधी दिसलेले नाही. पद्धत अशी: एक कालावधी ठरवायचा, त्या काळात प्रत्येक पर्यायावर केव्हा किती खर्च होईल ते लिहायचे, आणि भविष्यातील प्रत्येक रक्कम आजच्या मूल्यात आणून बेरीज करायची. सगळी गोम आजच्या मूल्यात आणण्याच्या दरात, म्हणजे डिस्काउंट रेटमध्ये आहे.

उदाहरणादाखल गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा हिशेब घेऊ. आकडे कल्पित आहेत. पहिला पर्याय 4 लाखांचा, पण दर सहा वर्षांनी नव्याने करावा लागणारा. दुसरा 9 लाखांचा, चोवीस वर्षे टिकणारा, मध्ये बाराव्या वर्षी 1 लाखाची डागडुजी लागणारा. दर 10 टक्के धरला तर चोवीस वर्षांत पहिल्याचे आजचे मूल्य सुमारे 8.25 लाख आणि दुसऱ्याचे 9.32 लाख येते. स्वस्त पर्याय जिंकतो. दर 3 टक्के धरला तर पहिला 12.5 लाखांवर जातो आणि दुसरा 9.7 लाखांवर राहतो. सुमारे साडेसात टक्क्यांना दोन्ही समसमान होतात. माल तोच, काम तेच, फक्त एक गृहीतक बदलल्याने निकाल उलटला.

मग खरा दर कोणता? येथे नेहमी एक गफलत होते. वरच्या हिशेबात मी सहा वर्षांनंतरचे कामही आजच्याच 4 लाखांत होईल असे धरले आहे. भाववाढ धरायची नसेल तर दरही भाववाढ वजा करूनच घ्यायला हवा. संस्थेच्या मुदत ठेवीवर 7 टक्के मिळत असतील आणि बांधकामाची मजुरी व माल वर्षाला 5 टक्क्यांनी महाग होत असेल, तर खरा दर जेमतेम 2 टक्के उरतो. सल्लागार पुष्कळदा आजच्या किमती आणि 10-12 टक्के दर अशी सांगड घालतात आणि टिकाऊ पर्याय कागदावरच मारतात. विकासकाच्या दृष्टीने तो दर बरोबर असेल, कारण त्याचे भांडवल महाग आहे. सभासदाच्या दृष्टीने तो चुकीचा आहे.

दुसरा मुद्दा निधीचा. आदर्श उपविधींनुसार प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान 0.25 टक्के सिंकिंग फंड (भविष्यातील मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) आणि किमान 0.75 टक्के दुरुस्ती व देखभाल निधी जमा व्हायला हवा. बांधकाम खर्च कोणत्या सालचा धरायचा, हा प्रश्न मात्र बहुतेक संस्था विचारत नाहीत. समजा 500 चौरस फुटांच्या सदनिकेचा खर्च त्या वेळी 200 रुपये चौरस फुटाने 1 लाख रुपये होता. तर सिंकिंग फंड वर्षाला 250 रुपये झाला, आणि चाळीस वर्षे तोच राहिला. आजच्या 3,000 रुपये दराने तोच 3,750 रुपये आणि दुरुस्ती निधी 11,250 रुपये होईल. हे दरमहा तीनशे-सव्वातीनशे आणि नऊशे-साडेनऊशे रुपये गेली वीस वर्षे जमा झाले असते, तर आज तुमच्या सभेतील वाद बराच सौम्य असता.

सातवा_मजला

मी पुनर्विकसित इमारतीत राहतो आणि वरील सर्व हिशेब मान्य करूनही एक हरकत नोंदवतो. जुन्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो आणि माझी आई गुडघ्यांमुळे शेवटची दोन वर्षे जवळजवळ खाली उतरलीच नाही. तुमच्या संस्थेत साठीच्या पुढचे सभासद किती आहेत ते मोजा. चाळीस वर्षांच्या खर्चाचा तक्ता त्यांना दाखवून काय होणार? त्यांना पुढच्या दहा वर्षांत लिफ्ट हवी आहे.

हिरवा_हिशेब

सातवा_मजला यांची हरकत रास्त आहे, परंतु लिफ्टसाठी इमारत पाडावीच लागते असे नाही. मोकळी जागा असेल तर जिन्याला लागून स्वतंत्र पायावर बाहेरून लिफ्ट उभारता येते आणि मुंबईत अनेक जुन्या इमारतींनी महापालिकेच्या परवानगीने तसे केले आहे. मुलुंडवासी यांनी दुरुस्तीच्या पर्यायात लिफ्टचा खर्च मिळवूनच तुलना करावी, म्हणजे दोन्ही पारडी सारख्या सोयींची होतील.

मी वास्तुरचनेच्या क्षेत्रात आहे. पर्यावरणाच्या भागावर लिहितो. इमारतीचा कार्बनभार दोन प्रकारचा असतो: बांधताना एकदम पडणारा आणि वापरताना दरवर्षी पडणारा. आपल्याकडे ‘हरित’ म्हणून ज्याची जाहिरात होते ते सगळे दुसऱ्या प्रकाराबद्दल असते. पहिल्याचा ढोबळ हिशेब कोणालाही करता येईल. आपल्या आरसीसी घरांना चौरस मीटरला साधारण 215 किलो सिमेंट आणि 43 किलो सळई लागते. ठेकेदार हेच चौरस फुटाला 0.4 पोते आणि 4 किलो असे सांगतात. फ्लाय ॲश मिसळलेल्या सिमेंटमागे किलोला सुमारे 0.65 किलो आणि भारतीय पोलादामागे सुमारे 2.5 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर या दोनच वस्तूंचा भार चौरस मीटरला 250 किलोंच्या आसपास जातो. 60 चौरस मीटरच्या घरासाठी तो 15 टन झाला. महिन्याला 200 युनिट वीज वापरणाऱ्या कुटुंबाचा विजेचा भार, युनिटला सुमारे 0.7 किलो धरून, वर्षाला 1.7 टनांपर्यंत येतो. म्हणजे घर बांधतानाच सुमारे नऊ वर्षांच्या विजेइतका कार्बन खर्ची पडतो. उंच इमारतीत वाऱ्याच्या जोरामुळे सळई वाढते, त्यात पार्किंगच्या मजल्यांचे काँक्रीट वेगळे.

दुरुस्तीत पाया, कॉलम आणि स्लॅब यांचा मोठा भाग तसाच राहतो, त्यामुळे हा भार फार कमी असतो. पाडकामाचा राडारोडाही वाचतो. बांधकाम राडारोड्याबाबतचे केंद्राचे नियम 2016 पासून आहेत आणि मुंबईसाठी दहिसर व डायघर येथे प्रक्रिया केंद्रे चालतात. परंतु त्यातून निघणारी खडी पुन्हा आरसीसीमध्ये मर्यादितच वापरता येते. आयएस 383:2016 नुसार एम-25 पर्यंतच्या आरसीसीत काँक्रीटपासून बनवलेली पुनर्वापराची खडी 20 टक्क्यांपर्यंत चालते. उरलेली पेव्हर ब्लॉक, भराव आणि बेड काँक्रीटमध्ये जाते.

पुनर्विकासच ठरला तर भिंतींकडे लक्ष द्या. हल्ली ॲल्युमिनियम फॉर्मवर्क वापरून, म्हणजे बोलीभाषेत मायवान पद्धतीने, भिंतीही काँक्रीटच्या ओततात. काम वेगाने होते, सांधे कमी असल्याने गळतीही कमी असते. परंतु 150 मिलिमीटर काँक्रीटच्या भिंतीतून 200 मिलिमीटर एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) भिंतीपेक्षा चौपटीहून अधिक उष्णता आत येते, आणि वातानुकूलनाचे बिल सभासद भरतो. केंद्राच्या इको-निवास संहितेत 2018 पासून बाह्य भिंती व खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला 15 वॉट आणि छताची यू-व्हॅल्यू (छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचे माप) 1.2 सांगितली आहे. विकासकाला एवढेच विचारा की तुमच्या आराखड्यात हे आकडे किती येतात. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागेल.

परांची

उंच इमारतींच्या देखभालीची कामे मी करतो. पुनर्विकासानंतर मेंटेनन्स का वाढतो, हे सभेत कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

चार मजल्यांच्या इमारतीला बाहेरून रंग आणि गिलाव्याची दुरुस्ती करायची तर बांबूची परांची बांधून काम होते. बावीस मजल्यांना झुला लागतो, प्रशिक्षित माणसे लागतात, विमा लागतो आणि पावसाळ्याचे चार महिने काम बंद असते. पुढचा खर्च यंत्रांचा. तुमच्याकडे आज बहुधा पाण्याचा एक पंप आणि एक राखीव पंप असेल. नव्या इमारतीत दोन-तीन लिफ्ट, अग्निशमनाचे पंप व स्प्रिंकलर, जनरेटर आणि यांत्रिक पार्किंग येईल. अग्निसुरक्षेच्या 2006 च्या राज्य कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते; ते कागद म्हणून मिळवण्याचा प्रकार चालतो, पण आग लागल्यावर कागदाने पाणी येत नाही. यांत्रिक पार्किंग हे माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित ओझे आहे. दमट खाऱ्या हवेत साखळ्या, सेन्सर आणि पत्रे लवकर खराब होतात, सुटे भाग एकाच कंपनीचे चालतात, आणि ती कंपनी बंद पडली तर पूर्ण यंत्रणा बदलावी लागते. गाडी नसलेला सभासदही अनेक ठिकाणी त्याचा वाटा भरतो.

तिसरी गोष्ट नळकामाची. संडास-न्हाणीघराचा स्लॅब खोलगट ठेवून त्यात नळ्या पुरल्या, तर आठ-दहा वर्षांनी खालच्या घरात ओल उतरते आणि वरच्या घराची फरशी फोडल्याशिवाय इलाज नसतो. नळ्या माणूस शिरू शकेल अशा डक्टमधून उघड्या नेल्या, तर तीच दुरुस्ती अर्ध्या दिवसात होते. छज्ज्यांचेही तसेच. दर्शनी भाग सपाट दिसावा म्हणून छज्जे गाळले की जूनपासून सगळा मारा खिडकीच्या सिलिकॉनवर येतो. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो चार महिन्यांत आणि वाऱ्याबरोबर आडवा. ज्याने छज्जा गाळला, त्याने बांधताना थोडे पैसे वाचवले. दर दोन वर्षांनी खिडक्यांचे सांधे भरण्याचे काम आमच्यासारख्यांना मिळते. माझा धंदा यावर चालतो, तरीही सांगतो.

जुन्या इमारतीच्या बाजूनेही एक सांगायचे आहे. तुमच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोब्याचे (गळती रोखण्यासाठी घातलेल्या विटांच्या तुकड्यांचे) किती थर आहेत ते तपासा. एकावर एक दोन-तीन थर टाकलेले मी पाहिले आहेत. एका थराचे वजन चौरस मीटरला 200 किलोंच्या घरात जाते आणि जुना स्लॅब बोलत नसला तरी त्याला ते जाणवते. नवा उपाय करण्यापूर्वी जुने थर काढणे हा खर्च अंदाजपत्रकात बहुधा नसतो.

गिरगावकर

हिरवा_हिशेब यांच्या कार्बनच्या गणितावर माझा आक्षेप आहे. त्यांनी हिशेबाची सीमा प्लॉटच्या कुंपणाला आखली. रेल्वे स्थानकाजवळच्या त्याच जमिनीवर बत्तिसाऐवजी ऐंशी-नव्वद कुटुंबे राहिली, तर उरलेली कुटुंबे बदलापूर-विरारच्या पुढे नवीन जमिनीवर, नव्या रस्त्यांसह घरे घेणार नाहीत. ते काँक्रीट आणि तो रोजचा प्रवास कोणाच्या खात्यात मांडायचा? जुनी इमारत जपणे हे त्या बत्तीस कुटुंबांसाठी कमी कार्बनचे असेल, शहरासाठी असेलच असे नाही.

हिरवा_हिशेब

आक्षेप वजनदार आहे आणि अशा तुलनेत प्रति इमारत न मोजता प्रति कुटुंब किंवा प्रति रहिवासी मोजावे, हे मला मान्य आहे. परंतु दोन गोष्टी पाहाव्यात. विक्रीच्या सदनिका खरोखर वापरल्या जातात की गुंतवणूक म्हणून कुलूपबंद राहतात, यावर तो लाभ अवलंबून आहे. शिवाय स्थानकाजवळची वस्ती म्हणून घरे वाढवायची आणि त्याच इमारतीत पार्किंगचे चार-पाच मजले बांधायचे, हे परस्परविरोधी आहे. त्या मजल्यांचे काँक्रीट कोणत्याही कुटुंबाला घर देत नाही. तुमचे गणित बरोबर ठरायचे असेल तर मुलुंडवासी यांनी पार्किंग कमी मागायला हवे. सभेत ते मंजूर होईल का, ते तुम्हीच सांगा.

ताळेबंद

परांची यांच्या प्रतिसादावरून एक आकडेमोड करतो, कारण कॉर्पसच्या मोहात हीच राहून जाते. समजा आज मेंटेनन्स दरमहा 3,000 रुपये आहे आणि नव्या इमारतीत तो 12,000 होईल. फरक वर्षाला 1,08,000 रुपये. मेंटेनन्सही भाववाढीबरोबर वाढतो, म्हणून 2 टक्के खऱ्या दराने तीस वर्षांच्या या फरकाचे आजचे मूल्य सुमारे 24 लाख रुपये येते. सदनिकेमागे 10 लाखांचा कॉर्पस मिळत असेल तर तो या ओझ्याच्या निम्माही नाही. जादा चटई क्षेत्राची किंमत यापेक्षा पुष्कळ मोठी असेल, यात शंका नाही. पण ती घर विकले तरच हातात येते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आणि त्याच घरात राहणाऱ्या सभासदासाठी मालमत्ता वाढते आणि रोकड आटते. दोन्ही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत दाखवा, बेरीज करू नका.

यातच विकासकाचा आणि सभासदाचा हितसंबंध वेगळा होतो. कव्हर, डक्ट, छज्जे, लिफ्टची प्रत यांवर पैसे विकासक घालतो आणि त्यांचा फायदा सभासदाला पुढे तीस-चाळीस वर्षे मिळतो. ताबा दिल्यावर विकासकाचा संबंध संपतो. रेरा कायद्याने रचनात्मक दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षे ठेवली आहे, परंतु गंजाचे दोष पाच वर्षांत क्वचितच दिसतात. तेव्हा हे सगळे विकास करारात लिहून घेण्याला पर्याय नाही, आणि कराराआधी तीनही विकासकांना एकाच नमुन्यात उत्तरे द्यायला लावणे आवश्यक आहे.

मुलुंडवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चर्चेच्या आधारे मी दोन कागद तयार केले आहेत.

पहिला दुरुस्तीसाठी. त्यात क्लोराइड व हाफ-सेल चाचण्या प्रथम करून घेणे, गच्चीवरील जुने थर काढणे, बाहेरील लिफ्ट आणि आजच्या बांधकाम दराने वाढवलेला सिंकिंग फंड हे चारही खर्च धरले आहेत. क्लोराइड जास्त निघाल्यास दुरुस्तीचे आयुष्य आठ वर्षे आणि कमी निघाल्यास अठरा वर्षे, अशा दोन शक्यता शेजारीशेजारी मांडल्या आहेत. आठ वर्षांच्या शक्यतेत दुरुस्तीचा पर्याय टिकत नाही, हे आताच दिसते आहे. ते मी सभेपासून लपवणार नाही.

दुसरा कागद विकासकांसाठी आहे. बाह्य काँक्रीटसाठी किमान एम-30 आणि 45 मिलिमीटर कव्हर, स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतील मळी मिसळलेले), नळकाम उघड्या डक्टमधून, सर्व खिडक्यांवर छज्जे, भिंतींतून येणाऱ्या उष्णतेचा संहितेप्रमाणे काढलेला आकडा, यंत्रसामग्रीची यादी व प्रत्येकाचे अपेक्षित आयुष्य, पहिल्या दहा वर्षांच्या मेंटेनन्सचा लेखी अंदाज, आणि ताब्याच्या वेळी प्रत्यक्ष बांधकामाचे नकाशे, अशी माहिती मागितली आहे. दोन विकासकांनी उत्तर देण्याची तयारी दाखवली. तिसऱ्यांनी स्लॅग सिमेंटला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की त्याने ताकद सावकाश येते, ॲल्युमिनियम फॉर्मवर्क रोजच्या रोज काढता येणार नाही आणि प्रत्येक मजल्याला दिवस वाढतील. हे खरे आहे का?

कॉलमबीम

अर्धे खरे आहे. स्लॅगमुळे सुरुवातीची ताकद सावकाश येते, हे बरोबर. पण आवश्यकता सर्वत्र सारखी नाही. पाया, जमिनीखालील टाक्या आणि तळाच्या मजल्यांचे कॉलम यांना क्लोराइड व ओलाव्याचा धोका सर्वाधिक आहे आणि तेथे फॉर्मवर्कची घाईही कमी असते. तेथे स्लॅगचे प्रमाण 50 टक्क्यांपर्यंत ठेवावे. वरच्या स्लॅबसाठी रेडीमिक्स प्रकल्पातच ते 25-30 टक्क्यांवर आणता येते आणि स्लॅबखालचे टेकू न हलवता फक्त पत्रे काढण्याची पद्धत त्या फॉर्मवर्कमध्ये असतेच. त्यामुळे मजल्याला दिवस वाढलेच तर थोडे वाढतील.

तुमच्या कागदात दोन गोष्टी राहिल्या आहेत. मिश्र सिमेंट वापरले तर आयएस 456 नुसार किमान दहा दिवस पाणी मारावे लागते, साध्या सिमेंटला सात. ही अट लिहा आणि पाणी मारल्याची नोंदवही संस्थेच्या प्रतिनिधीला रोज पाहता येईल असेही लिहा, कारण उभ्या कॉलमवर कोणी पाणी मारत नाही. दुसरे, कव्हरचा आकडा करारात असून उपयोग नाही. साच्यात सळईखाली काँक्रीटचेच कव्हर ब्लॉक हवेत, फरशीचे तुकडे किंवा खडीचे दगड नकोत. काँक्रीट ओतण्याआधी आणि साचा काढल्यानंतर कव्हर मीटरने तपासणी करून तिचा अहवाल प्रत्येक मजल्याच्या बिलाला जोडण्याची अट घाला. तिसऱ्या विकासकांना हेही विचारून पाहा. हरकत स्लॅगला आहे की मोजणीला, ते कळेल.

मुलुंडवासी

दोन्ही अटी मिळवल्या आहेत. क्लोराइडच्या चाचणीसाठी कोअर (काँक्रीटचे नळकांडी नमुने) काढण्याचे काम पुढील आठवड्यात सुरू होईल. प्रयोगशाळेचा अहवाल आला की आकडे याच धाग्यावर देतो.